दम

केयोनच्या धक्क्यावर अजून अंधार आहे, येर्को,
आणि तुझ्या हातमोज्यांना पावाचा वास येतोय.
काढ ते. या यंत्राला उघड्या हातानंच भेटायचं.

आधी टाकीच्या पोटाखालचा नळ.
अर्धा आटा, घाई नको.
बघ, कालच्या हवेतून किती पाणी निथळलंय,
गंजाच्या रंगाचं,
कपात दिलं तर चहा म्हणून पिशील.
फुसफुस कोरडी होईस्तोवर सोडत राहा.
टाकी आतूनच सडते.
बाहेरून ती नेहमीच नवरदेव.

तेल या काचेत, दोन रेघांच्या मध्ये.
हो, खायचंच तेल आहे, हसू नकोस.
इंजिनाचं काळं ओतशील
तर त्याची वाफ कुणाच्या तरी छातीत उतरेल.

पट्टा अंगठ्यानं दाब.
बोटाच्या पेराएवढा खचला पाहिजे.
ढिला असला तर घसरतो, ताठ असला तर बेअरिंग खातो.
आई हेच लग्नाबद्दल म्हणायची,
पण तिला पट्ट्यातलं काही कळत नव्हतं.
जाळी परत बसव. हात घालायचा तो इंजिन बंद असतानाच.
ओसिएल वाइन दोन बोटं मागतो ना,
त्या हाताला तेवढीच उरलीत.

आता दोरी ओढ. सुरू होऊ दे.
काटा चढला की सेफ्टी व्हॉल्व्हची कडी खेच.
शिंकला?
म्हणजे जिवंत आहे.
न शिंकणाऱ्याबरोबर समुद्रात जायचं नाही.

आणि नळी. पिवळी, शंभर मीटर,
सगळी मुठीतून जाऊ दे, वीतवीत.
जपमाळ नव्हे ही, डोळे उघडे ठेव,
भेग मिठाखाली लपते.

धक्क्यावर म्हणतात, ओर्फेलिना पाणबुड्यांना फार दम देते.
खरंय.
दिवसाचे पाच तास देते.
याच नळीतून.

राहिलं धुराडं, आणि हवा आत घेणारं तोंड.
ते त्या टोकाला, हे या टोकाला,
मध्ये फक्त वारा.
इथे माझा आवाज बदलला तर बदलू दे.

ग्वाइतेकासला, अकरा वर्षांमागे,
माझा भाऊ एलेउतेरिओ बावीस मीटर खाली होता,
तळाचे काटेरी एरिसो जाळीत भरत.
वारा फिरला.
मी किटलीचं झाकण शोधत होते.
धुरातलं जे मारतं त्याला वास नसतो, येर्को.
सात मिनिटं.
ठरलेला झटका आला नाही, म्हणून मी ओढला.
वर आला तेव्हा ओठ लालचुटूक,
जत्रेहून आल्यासारखे.

मेला नाही.
चुलीपाशी बसतो, आज वार कोणता विचारतो,
सांगितलं की पुन्हा विचारतो.
आईचे जुने स्वेटर उसवून गोळे करतो.
त्यातलाच हा धागा, इथे, हवेच्या तोंडाशी.
तो धुराड्याकडे फडफडतोय तोवर ठीक.
उलटा वळला
तर सिगारेट, कप्तानाची हाक, माझी हाकसुद्धा,
सगळं टाक आणि होडी फिरव.
फिरली नाही तर माणूस वर खेच.
शिव्या देईल. देऊ दे.
शिवी द्यायलाही हवा लागते.

धागा महिनाभरात विरतो.
नवा मागितला की तो विचारतो, कशाला?
वारा बघायला, मी म्हणते.
तो खिडकीकडे मान वळवतो, काचेवर धूसर डाग नुसता,
म्हणतो, उत्तरेचा. दुपारी पाऊस.
आणि दुपारी पाऊस येतो.
मग विचारतो, आज वार कोणता?

चल, रेमोल्कोय येतोय, बुटांचा आवाज त्याचाच.
गाळणी कालच धुतलीय, तरी उघडून बघ.
माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.
किटली राहू दे खाली.